संत प्रोहोरच्या बाटलीतलं तेल

कालिनाची पापणी उघडायला वेळ लागत होता. नाव घेतलं की आधी तिची भुवई हलायची, मग कपाळावर एक बारीक आठी यायची, आणि त्यानंतर कुठे पापणी वर जायची, तीही अर्धीच. डॉ. नेवेना स्तोशिचने हातातली छोटी बॅटरी विझवली आणि पुन्हा हाक मारली. पुन्हा तोच क्रम, पण या खेपेला भुवई आणि पापणी यांच्यामधला वेळ आणखी लांबला. तिने मुलीच्या छातीवर तळहात ठेवून श्वास मोजले. श्वास नियमित होते, पण सहा वर्षांच्या मुलीचे वाटू नयेत इतके संथ.

"सर्दी झाली होती तिला," मुलीची आई सुझाना म्हणाली. "शनिवारपासून अशी झोपाळलीय. औषधाने असेल ना, डॉक्टर?"

"कुठल्या?"

प्रश्न नेवेनाच्या तोंडून निसटला. गेल्या शरदापासून हाच एक प्रश्न तिने कटाक्षाने टाळला होता. सुझानाने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग खाली फरशीकडे.

"तुम्ही दिलंय तेच. आकडीचं, क्लोबाझम."

"बरं," नेवेना म्हणाली.

व्रान्येच्या इस्पितळात लहान मुलांच्या मेंदूचे आजार बघणारी नेवेना एकटीच होती. कालिना रांगत होती तेव्हापासून तिची पेशंट. एकामागून एक पाच औषधं झाली, तरी आकड्या थांबेनात. दिवसातून वीस-वीस वेळा मुलीचं अंग ताठ व्हायचं आणि ती होती तिथे कोसळायची. सप्टेंबरात सुझानाने खोलीचं दार लावून घेतलं आणि विचारलं होतं, "सीमेपलीकडच्या देशात, स्कोप्येत, डॉक्टर गांज्याचं तेल लिहून देतात. सरळ औषधाच्या दुकानात मिळतं. देऊ का मी तिला?"

व्रान्येहून सीमा तासाभराच्या आतच. सीमेच्या नाक्यावरच्या दांड्याच्या त्या बाजूला ते तेल औषध होतं. या बाजूला तोच अमली पदार्थ, आणि तो मुलाला देणारा, किंवा द्यायला मदत करणारा, गुन्हेगार. नेवेनाने त्याबद्दलचे शोधनिबंध वाचले होते. घरी, स्वतःच्या फोनवर, इस्पितळाच्या कॉम्प्युटरवर कधीच नाही. काय उत्तर द्यायला हवं ते तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी बोलू." पुढच्या वेळीही ती तेच म्हणाली. त्यानंतर सुझानाने विचारणं सोडून दिलं, आणि कालिनाच्या आकड्या दिवसाला वीसवरून आठवड्याला दोनवर आल्या. मुलगी 'पाणी' म्हणायला लागली, बोटाने खिडकी दाखवायला लागली. नेवेनाने केसपेपरवर 'सुधारणा' असं लिहिलं आणि सुधारणा कशामुळे, ते विचारलं नाही.

दुसऱ्या एका गावातल्या डॉक्टरची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. त्याच्या पेशंटचा बाप सीमेवर बाटलीसकट सापडला आणि भाबडेपणाने म्हणाला, "डॉक्टरांनीच सांगितलंय." डॉक्टरला तुरुंग झाला नाही. नुसती चौकशी झाली, वर्षभर. आता तो मेव्हण्याच्या दुकानात टायर विकतो. विभागप्रमुख डॉ. तासिच कॉफी पिताना ही गोष्ट सांगायचे आणि शेवटी कप उपडा घालून म्हणायचे, "विचारायचं नाही, ऐकायचं नाही, लिहायचं नाही. पलीकडच्या डॉक्टरला लोक हात जोडतात, आपल्या हातात बेड्या पडतात. मधे काय आहे? एक लोखंडी दांडा!"

मग गेल्या महिन्यात आकड्या पुन्हा वाढल्या. नेवेनाने क्लोबाझमचा डोस वाढवला. तिच्या हातात तेवढंच होतं.

दार न वाजवताच कालिनाची आजी आत आली. स्तामेंका आजी सुझानाची सासू. डोक्याला काळा रुमाल, हातात फुगलेली पिशवी. तिने कॉफीचं पाकीट आणि घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे आधी आत ठेवा, डॉक्टरबाई. नाही म्हणायचं नाही. पोरीचं नंतर बोलू."

"आई, तुम्हाला बाहेर थांबा म्हटलं होतं ना," सुझाना म्हणाली.

"बाहेर सगळे खोकतायत. आजारी पडायला इस्पितळात यायचं का मी?"

नर्स यावोर्का कालिनाच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती. तिने हसत विचारलं, "आजी, सकाळी काय खाल्लं हिने?"

"काही नाही गं. तोंडच उघडेना. तेलाचा चमचा तेवढा घातला."

"कसलं तेल?"

"संत प्रोहोरचं! सूनबाई मठातून आणते. त्यानेच तर पोर उठून बसायला लागली. हे लोक चार वर्षं गोळ्या घालत होते, काय झालं? राग मानू नका हं, डॉक्टरबाई, तुम्ही तुमच्या परीने केलंत."

सुझानाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. नेवेनाला काही विचारायची गरज पडली नाही. मठातल्या पवित्र तेलाची ती बोटभर बाटली या भागात घरोघरी असते. संताचं चित्र चिकटवलेली, देवाच्या कोपऱ्यात ठेवलेली. दुकानाचं लेबल असलेली बाटली पलीकडेच टाकून तेल या बाटलीत ओतलं, की सीमेवरचा पोलीससुद्धा ते चित्र बघून छातीवर क्रुसाची खूण करतो आणि जा म्हणतो. सासूलाही तेच सांगितलं की घरात प्रश्न उरत नाहीत.

"चमचा?" सुझाना म्हणाली. "आई, मी तर थेंब देते. सकाळ-संध्याकाळ."

"देतेस की, सोनं वाटल्यासारखी मोजून! संताच्या घरी काय तोटा आहे का? तू कामावर गेलीस की दुपारी मी देते. कपाळावर क्रूस काढते आणि कॉफीचा चमचा भरून जिभेवर सोडते. माझ्या डोळ्यांना थेंब कुठे दिसतात!"

"कधीपासून?" नेवेनाने विचारलं.

"ईस्टरपासून रोज."

"पण मग शनिवारी नवी आणेपर्यंत बाटली कमी झालेली दिसली नाही मला कधी," सुझाना म्हणाली.

"कमी कशी होईल? काढलं की तेवढंच घरातलं तेल वरून ओतते मी. पवित्र तेलात साधं मिसळलं की सगळंच पवित्र होतं. माझी सासूही हेच करायची. एक बाटली आम्हाला अख्ख्या संसाराला पुरली."

नेवेनाने मनातल्या मनात हिशेब मांडला आणि तो जुळत गेला. रोज एक चमचा औषध बाहेर, एक चमचा सूर्यफुलाचं तेल आत. जुनी बाटली दिवसागणिक फिकी होत गेली, म्हणून आकड्या परतल्या. आकड्या परतल्या म्हणून तिने क्लोबाझम वाढवलं. आणि शनिवारी सुझानाने नवी बाटली आणली, पूर्ण ताकदीची. त्यातले आईचे थेंब, वर आजीचा चमचा, आणि खाली नेवेनाचं वाढवलेलं क्लोबाझम, जे या तेलामुळे अंगातून लवकर बाहेर पडत नाही. तिघींनी मिळून हे केलं होतं, आणि तिघींनीही एकमेकींना काही सांगितलं नव्हतं.

"आजी, आहे का आत्ता बाटली?" यावोर्काने विचारलं. "माझा गुडघा फार छळतोय. थोडं चोळून बघते."

"घे की! पोरीसाठीच आणलीय, रात्री इथे राहावं लागलं तर असावी म्हणून."

सुझाना पुढे झाली, पण आजीने बाटली काढून दिलीसुद्धा. यावोर्काने टोपण फिरवलं, नाकाजवळ नेलं आणि तिथेच थांबली.

"संत प्रोहोरच्या तेलाला फुलांसारखा वास असतो," ती सावकाश म्हणाली. "हा वास निराळा आहे. ओळखीचा आहे."

यावोर्काचा नवरा प्रेशेवोच्या सीमेवरच्या नाक्यावर पोलीस होता. हे इस्पितळात प्रत्येकाला माहीत होतं. नाताळच्या सुट्टीत गाडी लवकर पलीकडे जावी म्हणून लोक तिलाच गाठायचे.

"मोठा माल पकडला की त्याच्या गणवेशाला असाच येतो," ती म्हणाली. "धुतला तरी जात नाही."

"दे इकडे," नेवेना म्हणाली. तिने बाटली घेतली आणि कोटाच्या खिशात टाकली. "जुनं तेल आहे, खवट झालंय. तू आधी ऑक्सिजनचं यंत्र आण. पळ."

यावोर्का लगेच पळाली नाही. तिने नेवेनाच्या खिशाकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं, आणि मग ती गेली. तिच्या लाकडी चपलांचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

बाटली आजीच्या पिशवीत राहून कोमट झाली होती. तो कोमटपणा कोटाच्या कापडातून मांडीला जाणवला तेव्हा नेवेनाच्या लक्षात आलं: आतापर्यंत न ऐकणं, न विचारणं एवढंच तिने केलं होतं. आता माल तिच्या अंगावर होता.

"मी ओतून टाकते," सुझाना कुजबुजली. "मोरीत. द्या मला, डॉक्टर. निशच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं तर तिथे लघवी तपासतील. समाजकल्याणवाले येतील. नेतील हो तिला! तुम्ही इतके दिवस काही बोलला नाहीत, तसंच अजून—"

"हळू बोल."

"झालंय काय?" आजी एकीकडून दुसरीकडे बघत होती. "मी काय केलं?"

सुझाना तिच्याकडे वळली. "आई, ते संताचं नाही. गांज्याचं आहे."

आजीने छातीवर क्रुसाची खूण केली. मग खाटेच्या कडेवर बसली आणि नातीच्या पायांवरची चादर नीट केली. ती म्हणाली, "म्हणजे संताने काहीच केलं नाही?"

नेवेनाने कालिनाला परत हाक मारली. या वेळी भुवईसुद्धा हलली नाही. तिने छातीच्या हाडावर बोटाच्या सांध्याने जोरात घासलं, तेव्हा मुलगी कण्हली आणि हात जरासा उचलला. एवढं तरी शिल्लक होतं.

यावोर्का यंत्र घेऊन आली आणि तिच्यामागे डॉ. तासिच. त्यांनी उभ्या उभ्याच मुलीला तपासलं, मान वाकवून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली.

"सर्दी, मग गुंगी. मेंदूला सूज असू शकते. निशला पाठवतो. ॲम्ब्युलन्स खालीच आहे. तिथे झोपेचं इंजेक्शन देतील आणि पाठीतून पाणी काढतील."

"झोपेचं इंजेक्शन नको, सर," नेवेना म्हणाली.

"का?"

यावोर्का मुलीच्या नाकाला नळी लावत होती, पण तिचे हात हळू चालत होते.

"जरा बाहेर येता?"

कॉरिडॉरमध्ये दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. तासिच खिडकीला टेकले. ते वाईट माणूस नव्हते. नेवेनाला इंजेक्शनसाठी लहान मुलाची शीर शोधायला त्यांनीच शिकवलं होतं.

"मला वाटतं औषध जास्त झालंय," ती म्हणाली.

"कुठलं? तूच वाढवलेलं? मग तसं लिही. डॉक्टरचा अंदाज चुकू शकतो, त्यात गुन्हा नाही. क्लोबाझम थांबव, सलाईन लाव, उद्यापर्यंत उठेल पोरगी."

"फक्त क्लोबाझम नाहीये."

"मी विचारलं नाही," तासिच पटकन म्हणाले.

"सर—"

"नेवेना, तुझ्या खिशातून काहीतरी गळतंय. ते मला दिसत नाहीये. कळतंय का? मला दिसत नाहीये. मोरी तिकडे आहे."

तिने खाली पाहिलं. यावोर्काने टोपण नीट लावलं नव्हतं. पांढऱ्या कोटावर पिवळट डाग हाताएवढा झाला होता आणि अजून पसरत होता. तिने त्यावर हात ठेवला. हाताला तेल लागलं. तो वास आता तिच्या बोटांना येत होता.

"तेल एकदम बंद केलं तर तिला न थांबणारी आकडी येईल," ती म्हणाली. "आज नाही, उद्या नाही. अंगातलं उतरलं की. आणि ती घरी असेल तेव्हा."

"तेही आपल्याला माहीत नाही."

"आणि तिची आई पुढच्या महिन्यात दुसरी बाटली आणेलच. पुन्हा मला सांगणार नाही. मी पुन्हा गोळी वाढवीन."

"ऐक माझं." तासिचनी आवाज खाली आणला. "त्या टायरवाल्याकडे गेलो होतो मी परवा. गाडीचं चाक बदलायला. त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तू गेलीस तर या खोलीबाहेर जी पोरं बसलीयत ती कोणाकडे जातील? माझ्याकडे? मला यातलं काय कळतं? एका पोरीसाठी बाकीची सगळी सोडणार आहेस?"

हेच तिने स्वतःला सप्टेंबरापासून सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तिला प्रामाणिकपणे पटलंही होतं. पण पटलं म्हणून भीती गेली नव्हती. ती तशीच होती, आणि तिला तासिचच्या डोळ्यांतही तीच दिसली.

खोलीतून यावोर्का बाहेर आली. कानाला फोन. त्यांना पाहून तिने पाठ फिरवली आणि जिन्याकडे चालू लागली. "नाही रे, अजून नाही निघाले," तिचं बोलणं ऐकू आलं. "तू कुठे आहेस? नाक्यावरच ना?"

नवरा-बायकोचं रोजचं बोलणं असेल. संध्याकाळी भाजी कोण आणणार, असं काही. नेवेनाने मोरीकडे पाहिलं. मोरी खरंच चार पावलांवर होती. दार उघडं होतं. पाणी सोडायचं, बाटली उपडी करायची, हात साबणाने धुवायचे, कोट धुलाईला टाकायचा. मग केसपेपरवर लिहायचं, डोसचा अंदाज चुकला. सगळं खरंच असेल, फक्त अर्धं.

ती मोरीपर्यंत गेलीही. नळ सोडला. बाटली काढली. पाण्याखाली धरायच्या आधी तिने ती उजेडाकडे केली. तेल वर फिकं, खाली गडद. आजीने सकाळी ओतलेलं अजून नीट मिसळलं नव्हतं. यातल्या एका थेंबात किती औषध आहे हे जगात आता कोणी सांगू शकत नव्हतं. स्कोप्येच्या डॉक्टरला माहीत होतं त्याने काय दिलं. तिला माहीत होतं तिने काय दिलं. दोघांनी एकमेकांना कधी फोन केला नव्हता.

तिने नळ बंद केला.

जिन्यावरून स्ट्रेचर घेऊन ॲम्ब्युलन्सची दोन माणसं वर येत होती, गप्पा मारत. त्यांच्यामागून यावोर्का. नेवेना त्यांच्या पुढे खोलीत शिरली. तासिच तिच्या मागे आले आणि दाराशी थांबले. सुझानाने मुलीचा हात दोन्ही हातांत धरला होता. आजी तिच्या बाजूला उभी होती, काळा रुमाल सैल झालेला.

"हिला उचलू?" स्ट्रेचरवाल्यांपैकी एकाने विचारलं.

"नाही," नेवेना म्हणाली. "ही इथेच राहील. श्वासावर लक्ष ठेवायचं, दर पंधरा मिनिटांनी. पाठीत सुई नाही, झोपेचं काही नाही."

"नेवेना," तासिच दारातून म्हणाले. एवढंच.

यावोर्काने फोन एप्रनच्या खिशात ठेवला. ती नेवेनाच्या हाताकडे बघत होती, बाटलीकडे, डागाकडे. नेवेनाने बाटली टेबलावर ठेवली, कॉफीच्या पाकिटाशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी.

"सुझाना, इकडे बघ. सप्टेंबरात तू मला एक विचारलं होतंस."

सुझानाने नकारार्थी मान हलवली, जोरात, डोळ्यांनी यावोर्काकडे खुणावत. "नाही, डॉक्टर. मी काही विचारलं नव्हतं."

"विचारलं होतंस. ऐक आता. पलीकडच्या त्या डॉक्टरांचा नंबर मला दे, मी त्यांच्याशी आत्ता बोलणार आहे. क्लोबाझम आजपासून निम्मं. ही बाटली आता बिघडलीय, हिच्यातलं काही द्यायचं नाही. दोन दिवसांत स्कोप्येहून नवीन आण, आणि पहिल्यासारखेच थेंब, फक्त तुझ्या हाताने, सकाळ-संध्याकाळ. गांज्याचं तेल तिला द्यायचं. हे मी सांगतेय."